काय हवंय ते लिहा

"काय हवंय ते लिहा. लाजायचं नाही." नवरात्र बसलं की आमच्या व्हॉट्सॲपच्या गटावर हा निरोप पडतो. गटात सातारा, सांगली, मिरज, कराड, विटा अशा गावांतली माणसं आहेत. कुणी शाळेतलं, कुणी गल्लीतलं, कुणी नुसतंच कुणाच्या तरी ओळखीनं आत आलेलं. निम्मे गावात राहिलेले, निम्मे बाहेर गेलेले. माझं माहेर सांगलीचं आणि सासर साताऱ्याचं, त्यामुळे दोन्हीकडची कामं न सांगता माझ्याकडे येतात. नियम दोनच आहेत. एकानं दिवाळीसाठी एकच गोष्ट मागायची, आणि ज्यानं मागितलं त्यानं दुसऱ्या कुणाचं तरी एक मागणं पुरं करायचं.

यंदाच्या पहिल्या संध्याकाळी आलेली मागणी अशी. सिंगापूरहून: अनारसे, वर भरपूर खसखस. मेलबर्नहून: साताऱ्याचे कंदी पेढे. लंडनजवळच्या एका आईकडून: पोराला किल्ला करायचाय, आपल्याकडची माती आणि अळीव पाठवाल का? न्यू जर्सीहून: सांगलीचं भडंग, लसूण सढळ हातानं. आणि बंगळुरूहून: पाडव्याला कुणीतरी माझ्या आईकडे जाऊन या, मिरजेला एकटी असते, मी सांगितलं म्हणून आलोय असं मात्र म्हणू नका.

वाचणाऱ्याला वाटेल, पहिल्या चारांसाठी बाजारात एक चक्कर पुरे, शेवटचं तेवढं अवघड. प्रत्यक्षात मिरजेच्या आईकडे जायला स्कूटर काढली की झालं. वरच्या चारांतले तीन मात्र जागच्या जागी अडतात.

अडवणारे आमच्यातलेच एक काका आहेत. टपाल खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले. कुठल्या देशात काय चालतं, काय नाही, याची यादी त्यांच्याकडे असते आणि ती सांगताना त्यांचा आवाज पुन्हा खिडकीमागचा होतो. खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, म्हणून सिंगापूरला बंदी, दुबईलाही बंदी. अनारसा जाईल तर बोडका जाईल, आणि करंजीच्या सारणातही खसखस टाकली असेल तर तीही राहिली. ऑस्ट्रेलियात दुधाची मिठाई पार्सलनं जात नाही. ब्रिटननंही बाहेरून येणाऱ्या दुधाच्या पदार्थांना दार लावून घेतलंय. कंदी पेढ्याचा खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला असतो, म्हणून तो साध्या पेढ्यापेक्षा जास्त दिवस टिकतो. मोती चौकातून घेतलेला पुडा माणसं एसटीनं, रेल्वेनं कुठल्या कुठे नेतात. पण कस्टमवाला किती भाजला ते विचारत नाही, दूध आहे का एवढंच विचारतो. मेलबर्नवाल्याला हे कळवल्यावर त्यानं लिहिलं, "मग माझ्या वाटणीचा कुणीतरी खा आणि कसा लागला ते कळवा." त्याला त्या दिवशी साताऱ्यातून एवढी उत्तरं आली की शेवटी त्यानंच हात जोडले.

माती बहुतेक देशांत चालत नाही. बियाणंही कागदपत्रांशिवाय नाही. लंडनच्या किल्ल्यासाठी मग मावळे गेले, तोफा गेल्या, कापसात गुंडाळलेले महाराज गेले. अळिवाचं मात्र काकांनीच निस्तरलं: तिकडे ते क्रेस म्हणून मिळतं, शाळेतली पोरंही कापसावर उगवतात. पोरानं दुकानातून पाकीट आणलं आणि चार दिवसांत किल्ला हिरवा केला. सातारकरांनी फोटो बघून अजिंक्यतारा असा बसका नसतो म्हणून चुका काढल्या. ते व्हायचंच होतं.

काकांचा एक राग आहे, तो दर दिवाळीला बाहेर पडतो. तारेच्या काळात शुभेच्छांची ठरावीक वाक्यं असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. दिवाळीच्या शुभेच्छांचा क्रमांक एक. गिऱ्हाईकानं नुसता आकडा सांगायचा, पलीकडे अख्खं वाक्य छापलं जायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. "बंद कुठं झाली," काका म्हणतात, "तुमचं ते पणत्यांचं चित्र फॉरवर्ड करता ना, ते काय आहे? एक नंबरच की!" म्हणूनच की काय, आमच्या गटावर नुसत्या शुभेच्छा टाकायला त्यांनी बंदी घातलीय. काही हवं असेल तर बोला, नाही तर गप्प बसा.

आता पुरवण्याचं. मागायला अर्धं मिनिट पुरतं, अनारशाला ते पुरत नाही. आमच्या गल्लीतल्या आक्का तांदूळ भिजत घालतात ते तीन दिवस, रोज पाणी बदलून. मग निथळून, सावलीत फडक्यावर पसरून, अंगात थोडी ओल असतानाच दळायचे. चाळलेल्या पिठात किसलेला गूळ आणि जरासं तूप घालून मळायचं, गोळे करायचे आणि डब्यात घालून पुन्हा चार-पाच दिवस विसरायचं. तळताना थापलेला अनारसा खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवत राहायचं, म्हणजे जाळी पडते. गूळ जास्त झाला तर अनारसा हसतो, म्हणजे कढईत विरघळून सगळीकडे पसरतो. आक्का म्हणून आधी एकच सोडून बघतात. तो हसला तर त्या हसत नाहीत, मुकाट्यानं पीठ घालून पुन्हा मळायला घेतात. सिंगापूरसाठी खसखशीऐवजी रव्यावर थापले. आक्कांना ते मुळीच पटलं नव्हतं.

चकलीची गोष्ट गिरणीपासून सुरू होते. भाजणीतलं प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजायचं, आणि गिरणीवाल्याला बजावायचं की गव्हावर दळू नको, डाळीवर दळ. दिवाळीआधीच्या आठवड्यात साताऱ्यातल्या गिरणीपुढे डब्यांची रांग असते आणि ती कुणाच्या पाठोपाठ कुणाचं दळण या हिशेबानं लागलेली असते. आधी आलेल्या गव्हाच्या डब्यालाही बाजूला सरावं लागतं. पार्सलची चकली घरच्यापेक्षा एक छटा लाल तळावी लागते. तेलातले बुडबुडे शमले की घरची चकली बाहेर येते. पार्सलची त्यानंतरही क्षणभर आत राहते. बाहेर काढली की रात्रभर कागदावर पसरायची. गरम असताना डब्यात भरली तर तिच्याच वाफेनं ती सादळते, आणि हे कळतं तीन आठवड्यांनी, दहा हजार किलोमीटरवर. मी आक्कांच्या ओट्याशी उभी राहून सोऱ्या दाबायचं काम करते. त्यापलीकडे मला हात लावू देत नाहीत.

बांधणीत मात्र माझा शब्द चालतो, कारण कुरियरच्या खिडकीवर पैसे मला मोजावे लागतात. तिथं नुसत्या वजनाचे पैसे नसतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची, पाच हजारांनी भागायचं. जो आकडा येईल तो आणि काट्यावरचं वजन, यातलं जे जास्त ते धरतात. चाळीस बाय तीस बाय तीसचं खोकं म्हणजे सात किलो दोनशे ग्रॅम. त्यात नुसतं भडंग भरलं तर काटा तीन किलोंच्या आसपास अडखळतो. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे सांगलीच्या हवेचे. मी न्यू जर्सीला सुचवलं, भडंगाचा मसाला पाठवते, तिथले चुरमुरे घे. उत्तर आलं, तिथले चुरमुरे बारीक असतात, भडंगाचे मोठे, फुगलेले हवेत, मसाला नको, भडंगच. बरोबर होतं तिचं. शेवटी खोकं असं रचलं: तळाला हवा काढून सीलबंद केलेले बेसनाचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी, त्यावर गोल डब्यात उभ्या रचलेल्या चकल्या, चकल्यांच्या मधल्या फटीत चिवडा म्हणजे त्या हलायच्या नाहीत, आणि उरलेल्या प्रत्येक कोपऱ्यात छोट्या पिशव्यांतून भडंग. चकलीची पिशवी हवा काढून सीलबंद करायची नाही, तिचा चुरा होतो. लाडवाचं उलट.

अमेरिकेचं २०२५ साली विचित्रच झालं. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला तिथं असलेली करमाफी २९ ऑगस्टला संपणार म्हणून आपल्या टपाल खात्यानं २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, आणि मग सगळीच थांबली. पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला. लक्ष्मीपूजन होतं २१ ला. फराळ गेला तो खासगी कुरियरनं, दराकडे न बघता. काहींनी तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सामानात चार-चार चकल्या कोंबल्या. करंजीवर आयातशुल्क किती, हा प्रश्न आमच्या गटावर गंभीरपणे चर्चिला गेला आणि काकांनाही उत्तर देता आलं नाही.

देशातली वाट याच्या मानानं सोपी, तिचं बोलावंच फार लागत नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आहेत. केरळ, तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत गलाईवाला विट्याकडचा निघतो. धनत्रयोदशीला सोन्याचा बाजार भरात असतो, दुकान सोडून गावी यायची सोय नाही. त्यांची मागणी गोडाची नसतेच. खर्डा, चटणी, भाजणीचं पीठ. विट्याहून कुणी ना कुणी निघालेलं असतं, पिशवी हातातून हातात जाते आणि पोचते. खोकं नाही, गुणाकार नाही.

फौजेतल्यांचं आणखी वेगळं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात आहे, आणि आमच्या गटातही अशा घरांतल्या बायका आहेत. पार्सलवर नाव, हुद्दा, पलटण आणि शेवटी ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ लिहायचं. गावाचं नाव नाही. पाठवणाऱ्या बायकोला माणूस बर्फात आहे की वाळवंटात हे पत्त्यावरून कळत नाही. पण तूप गोठेल की पातळ होईल, याचा अंदाज ती फोनवरच्या आवाजावरून बांधते आणि त्याप्रमाणे लाडू वळते. एकीला नवऱ्यानं कळवलं होतं, चिवडा जास्त पाठव, लाडू कमी. बराकीत वाटायला चिवडा पुरतो.

मिरजेला पाडव्याच्या सकाळी मीच गेले. मावशींनी दार उघडलं, मला नखशिखांत बघितलं. "पोरानं पाठवलंय ना? बस." मी काही बोलायच्या आतच चहा ठेवला. मग म्हणाल्या, "आलीच आहेस तर माळ्यावरचा आकाशकंदील काढून दे. वसुबारसेपासून मान वर करून बघतेय." कंदील काढला, वायर तपासली, दिवा लागत नव्हता तो बदलून आणला. मुलाला पाठवायला त्यांनी माझ्या हातात चकल्यांचा डबा ठेवला. बंगळुरूच्या मुलाचं मागणं पुरं करताना मिरजेचं एक पुरं झालं आणि तिसरं माझ्या गळ्यात पडलं. हे असंच होतं, म्हणून आमची यादी भाऊबीजेला संपत नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत लोंबकळते.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. आक्का गटावर नाहीत. त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणजे ज्यांच्या कढईतून निम्म्या मागण्या पुऱ्या होतात, त्यांनी कधी काही मागितलेलंच नव्हतं. नियमानं बघायचं तर त्या फक्त देण्याच्या बाजूला होत्या. भाऊबीज झाल्यावर मी त्यांना विचारलं, तुम्हाला काय हवंय? त्यांनी सोऱ्या घासता घासता सांगितलं, "पुढच्या साली मला तळणीपुढं उभं राहायचं न्हाई."

मी तसंच्या तसं गटावर लिहिलं. कुठल्याच मागणीवर झाली नसेल एवढी चर्चा झाली. कुणी चकलीचं विजेचं यंत्र पाठवतो म्हणालं, कुणी मोठी कढई, कुणी मदतीला बाई. एकानं त्यांच्या पायांसाठी मोजे सुचवले. काकांनी लिहिलं, "त्यांनी काय मागितलंय ते परत वाचा." मग ठरलं की पुढच्या वर्षी फराळ महिला बचत गटाकडून किलोच्या भावानं घ्यायचा, आधी पैसे भरून, आणि तो आक्कांनी फक्त चाखायचा. नमुना म्हणून तुळशीच्या लग्नाला चकल्या मागवल्या. आक्कांनी एक मोडली, खाल्ली, "बरी हाय" म्हणाल्या आणि दुसरी उचलली.

न्यू जर्सीला मात्र ते पटलं नाही. त्या चकलीला आक्कांची चव नसणार, निदान भाजणी तरी आक्कांची हवी. मी फोन आक्कांच्या तोंडापुढे धरला आणि त्या बोलल्या ते तसंच पाठवून दिलं: "चार वाट्या तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडीद, अर्धी मूग, धणे-जिरे हाताला येतील तेवढे. वेगवेगळं भाज. तळायचं तुझं तू."

आठवड्यानं फोटो आला. न्यू जर्सीत पहिला घाणा तेलात विरघळला होता. मोहन जास्त झालं होतं.