अनवाणी घोडा

मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आजही याच नावानं ओळखलं जातं. पण शहरातल्या घोडागाड्या, म्हणजे व्हिक्टोरिया, २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवल्या. त्याआधी डांबरावर आपटणारे ते खूर आठवले की अजून जीव कळवळतो.

खूर दुखतोय हे चालीवरून कळतं: पुढचा दुखरा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो. अशा वेळी खुरावर हात ठेवावा. एकच खूर गरम लागला, घोट्यामागची नाडी जोरात उडत असली, तर आत पू झाल्याची शंका घ्यावी आणि पशुवैद्याला बोलवावं.

नाल काढून घोडा अनवाणी ठेवता येतो, पण घाई नको. खूर महिन्याला जेमतेम १ सेंटिमीटर वाढतो. पुढची भिंत वरून खालपर्यंत नवी व्हायला वर्षभर लागतं. तोवर मऊ जमीन, कोरडा तबेला आणि दर सहा-एक आठवड्यांनी नालबंदाची कानस.