ज्वालामुखी बघायचाय? बार्शी रोडनं जा

एपिसोड ऐकायला वेळ झाला नसेल तर ही त्याची वाचायची आवृत्ती, थोडी काटछाट करून.

ज्वालामुखीचं राष्ट्रीय उद्यान म्हटलं की डोळ्यासमोर हवाई येतं. तिथं एका गाडीला ३० डॉलर तिकीट, ते सात दिवस चालतं. विमानाचं तर बोलूच नका. पण सोलापुरातून बार्शी रोडनं वीस-बावीस किलोमीटर गेलात की नान्नज लागतं. तिथलं माळढोक अभयारण्य त्याच जातीच्या दगडावर, म्हणजे बेसॉल्टवर, वसलंय. आपला लाव्हा फक्त साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा.

आता कोणी विचारेल, मग डोंगर कुठंय बे? डोंगर नाहीच. दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहत राहिला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, एका कमिटवर दुसरी कमिट असतं तसं. पश्चिमेला सह्याद्रीत हे थर खूप जाड आहेत, पूर्वेकडं पातळ होत जातात. आपण त्या पातळ बाजूला राहतो. भुईकोट किल्ल्याचा काळा दगड तोच, आणि घराच्या पायात टाकतो तो मुरूम म्हणजे तोच दगड कुजून झालेला.

खरी गंमत इथं आहे. सखल भागात हा दगड झिजून खोल काळी माती झाली, तिथं ज्वारी पिकते. उंचवट्यावर मात्र वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली पाषाण. त्यात पाऊस कमी. अशा जागी मोठी झाडं फारशी तग धरत नाहीत, गवत धरतं. म्हणून माळ. सातबारावर पडीक लिहिलेलं असलं तरी तो रिकामा नसतो. काळवीट, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक हे सगळे इथलेच रहिवासी. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी पार मध्य आशियातून येतात आणि इथले नाकतोडे खातात.

आणि माळढोक. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळं विजेच्या तारांना धडकून मरतो. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं तेव्हा क्षेत्र होतं जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, सगळंच आलं. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले. पुढं ते १,२०० च्या आसपास आणलं. लोकांचा राग मला चुकीचा वाटत नाही. पण तोवर माळावर पाइपलाइन आणि ऊस पोचला होता. आज जगात मोकळ्या माळावर दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत, बहुतेक जैसलमेरकडं. नान्नजला तो दिसेल या आशेवर जाऊ नका.

म्हणूनच पावसाळ्यात माळावर झाडं लावायचा कार्यक्रम कोणी काढला तर जरा थांबवा. ज्याला चारी बाजूंना उघडं लागतं, त्याच्यासाठी झाडी म्हणजे भिंतच.

खर्चाचं बोलू. बाईकवर जाऊन-येऊन पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे एक लिटर पेट्रोल. शंभरच्या थोडं वर, दोघांत वाटून घ्या. प्रवेशाचे दर बदलतात, तिथं पावतीवर येईल तोच आकडा खरा. दुर्बीण कोणाची तरी मागून न्या, मोबाइलच्या झूमनं काळवीट म्हणजे नुसता तपकिरी ठिपका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सातच्या आत पोचा. नऊनंतर ऊन आणि काळवीट दोघंही तुम्हाला टाळतील, म्हणजे ऊन नाही टाळणार, काळवीट टाळेल. कळपामागं गाडी पळवू नका. बूट घाला, सँडल नको. त्या गवताची कुसळं पायात घुसली की घरी येईपर्यंत काढत बसाल.