टँटलमला कुणी विचारत नव्हतं

चिकलठाणा एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाला विजेने चुंबकत्व चालू-बंद कसं करायचं हे सांगावं लागत नाही. बटण दाबलं की मॅग्नेटिक चक जॉबला घट्ट धरतो. काम झालं की डीमॅग करायचं, म्हणजे प्रवाह उलटसुलट करत कमी कमी करत न्यायचा. नाहीतर जॉबला चुरा चिकटतो आणि मापात घोळ होतो.

इथे राबतं ते गुंडाळीचं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे 1820 सालचा अर्स्टेडचा शोध. पण प्रवाह थेट चुंबकी धातूच्या पातळ थरातून सोडला आणि इलेक्ट्रॉनच्या स्पिननेच, म्हणजे त्याच्या अंगच्या इवल्या चुंबकपणानेच, चुंबकत्व वळवलं तर? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ल्युक बर्जर 1970-80च्या दशकांत याच प्रश्नामागे लागले होते. त्यांचे नमुने मिलिमीटरभर रुंद असायचे, त्यामुळे वेगवेगळ्या दिशांनी चुंबकित भागांमधल्या सीमा हलवायला 45 अँपिअरपर्यंतचे झटके द्यावे लागत. इवल्याशा पापुद्र्यातून 45 अँपिअर!

अडचण आकाराची होती. या परिणामाला दर चौरस सेंटिमीटरला साधारण 1 कोटी अँपिअर लागतात. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेत हा हिशेब 1 लाख अँपिअरवर जातो. 100 नॅनोमीटर रुंदीच्या खांबात मात्र 1 मिलिअँपिअरच्या आसपास भागतं. 1996 मध्ये बर्जर आणि आयबीएमचे जॉन स्लोन्झेव्स्की यांनी स्पिनने चुंबकत्व वळवण्याचा सिद्धान्त स्वतंत्रपणे मांडला. 2000 च्या सुमारास कॉर्नेलमध्ये कोबाल्ट-तांबं-कोबाल्टचे तसे खांब घडवले गेले, आणि प्रवाहाची दिशा बदलली की वरच्या थराचं चुंबकत्व पालटू लागलं. एका दिशेने दोन्ही थर समांतर, उलट दिशेने विरुद्ध. प्रवाहाच्या स्वतःच्या क्षेत्राने असा फरक पडला नसता. स्पिनची खरी खूण तीच. या यशात मला घडवणाऱ्या हातांचा वाटा सिद्धान्ताच्या बरोबरीचा वाटतो.

या गोष्टीत एक मराठी नाव ठळक आहे. अश्विन तुळापूरकर, पुढे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. जपानमध्ये संशोधन करताना 2005 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या निबंधाचे ते पहिले लेखक. दोन चुंबकी थरांमध्ये एखाद-दुसऱ्या नॅनोमीटरचा मॅग्नेशियम ऑक्साइड. त्यातून रेडिओ वारंवारतेचा क्षीण एसी प्रवाह सोडायचा. वारंवारता थराच्या नैसर्गिक डोलण्याशी जुळली की प्रवाहाच्या एका अर्ध्या फेरीत रोध कमी, दुसरीत जास्त, आणि टोकांवर चक्क डीसी व्होल्टेज! डायोडचं काम चुंबकाने केलं. असे नमुने फार नाजूक. अंगातल्या स्थिर विजेच्या एका ठिणगीनेही तो ऑक्साइड फुटतो, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधल्याशिवाय त्यांना हात लावायचा नसतो.

माझा सर्वांत आवडता किस्सा टँटलमचा. अशा थरांखाली टँटलम घालायची जुनी रीत होती, भिंतीला आधी प्रायमर मारावा तशी. वरचे थर नीट बसावेत एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. 2012 मध्ये कॉर्नेलच्याच गटाने प्रवाह ऑक्साइडमधून न नेता या टँटलममधून आडवा सोडला. त्यात वर-खाली विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन वेगळे झाले आणि वरचा चुंबकी थर उलटला. थर उलटवण्याचा मोठा प्रवाह नाजूक ऑक्साइडमधून न्यायची गरजच उरली नाही. तो धातू तोवर कितीतरी प्रयोगशाळांच्या नमुन्यांत तळाशी बसलेला होता.