पाण्यात तोंड घालण्याआधी

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग करायचं म्हटलं की न पोहणाऱ्याच्या पोटात गोळा येतोच. बुडण्याची काळजी लाइफ जॅकेटवर सोडा. घाबरवतो तो श्वास. मास्कमध्ये नाक बंद, म्हणून श्वास तोंडानेच, तोंडात धरलेल्या नळीतून. ही सवय आधी किनाऱ्यावर, मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून लावून घ्यावी. नळीत पाणी शिरलं तर जोरात फुंकायचं, ते बाहेर उडतं. मास्कच्या कडेखाली केस अडकले की पाणी झिरपतं. मिशीवाल्यांना हा ताप जास्त. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी चोळून विसळतात (किळस वाटली तरी उपाय नामी आहे). गडबडलात तर उताणे व्हा, नळी काढा, गाइडला हाक मारा. प्रवाळावर मात्र पाय ठेवू नका. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.