खोळंबा कुणामुळे?

बँकेच्या काउंटरवर आजकाल सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, 'सर्व्हर डाऊन आहे.' आमच्या काळात 'साहेब जागेवर नाहीत' हे वाक्य तेच काम करत असे. दोन्ही वाक्यांचा गुण एकच. पुढचा प्रश्न विचारायची सोय उरत नाही. साहेब कुठे गेले हे विचारायचं नसतं आणि सर्व्हर का बसला हेही विचारायचं नसतं. रांगेतला माणूस पासबुकाने वारा घेत उभा राहतो.

मी १९८१ साली बँकेत लागलो. आता निवृत्त होऊन काउंटरच्या या बाजूला उभा राहतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला रांग तशी वाईट नाही, पात्रं फुकट मिळतात. पण 'सर्व्हर डाऊन' ऐकलं की मला एक जुनी गोष्ट आठवते आणि रांगेतली गंमत निघून जाते. ही गोष्ट मी तीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

१९८३ साली बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. नव्वदच्या दशकात हे वारं आमच्यासारख्या लहान शाखांपर्यंत पोचलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकाउंटंट होतो. शाखेत युनिक्सवर चालणारं एक मोठं यंत्र आलं आणि त्याला जोडलेले आठ पडदे काउंटरांवर बसले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि पंधरा दिवसांत लक्षात आलं की रोज दुपारी बाराच्या सुमारास सगळे पडदे गोठतात. पंधरा-वीस मिनिटं काही हलत नाही. ऊसबिलं जमा झाली की शाखेत पाय ठेवायला जागा नसे. अशा दिवशी तो खोळंबा म्हणजे काय प्रसंग असेल, याची कल्पना करा.

बचत खात्याच्या काउंटरवर एक ज्येष्ठ कारकून होते. संघटनेचे जुने कार्यकर्ते. यंत्र यायच्या आधी त्यांनी गेटसभेत यंत्राविरुद्ध भाषण केलं होतं. तेव्हा साऱ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या. 'मुद्दाम चुकीच्या कळा दाबतात' असं कुणीतरी म्हणालं. कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. पण वरिष्ठांनी अहवाल मागवला आणि तो मी लिहिला. 'सदर कर्मचाऱ्याचे सहकार्य नाही' हे माझं वाक्य होतं. दोन महिन्यांत त्यांची बदली घाटाखाली कोकणात झाली. त्यांची मुलगी तेव्हा दहावीला होती, म्हणून कुटुंब इथंच राहिलं. ते गेल्यावरही पडदे बारा वाजता गोठतच राहिले. तो अहवाल मात्र कुणी मागे घेतला नाही.

हे सगळं वर आलं ते गेल्या दिवाळीत. माझी पुतणी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. फराळाचं ताट बाजूला सारून ती लॅपटॉपवर काहीतरी बघत बसली होती. दूर कुठल्याशा ठिकाणी एक सर्व्हर मंद झाला होता आणि तो बंद न करता ती त्याची नाडी बघत होती. म्हणाली, "काका, इकडं या. तुमच्या इन्स्पेक्शनसारखंच आहे बघा."

ती म्हणाली त्यात तथ्य होतं. कॉम्प्युटरमधली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे आमच्या शाखेतलं काउंटरच. गिऱ्हाइकाला तिजोरीत हात घालता येत नाही. त्याला चिठ्ठी भरून खिडकीतून आत द्यावी लागते. तसंच कुठल्याही प्रोग्रॅमला थेट डिस्कला हात लावता येत नाही. फाईल उघडायची, वाचायची, लिहायची, तर ऑपरेटिंग सिस्टीमकडे विनंती करावी लागते. म्हणजे या खिडकीशी एक माणूस वही घेऊन गुपचूप उभा केला, की कोण किती वेळा येतो, काय मागतो आणि किती वेळ ताटकळतो, हे सगळं कळतं. याला 'ट्रेसिंग' म्हणतात. माग काढणं.

आपल्या उद्यमनगरातले जुने मिस्त्री हेच करत. ऑइल इंजिन चालू असताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं आणि मूठ कानाला. कुठली बेअरिंग बोलते आहे ते चालू इंजिनातच कळतं. इंजिन बंद करून उघडलं तर भाग दिसतात, आवाज गेलेला असतो.

कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र असा कान बरीच वर्षं नीट नव्हता. हत्यारं होती, पण तपासणीनेच यंत्र इतकं मंद व्हायचं की चालत्या कामावर ती लावायची हिंमत होत नसे. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीतल्या ब्रायन कँट्रिल, माईक शापिरो आणि ॲडम लेव्हेंथल या तिघांनी 'डीट्रेस' तयार केलं. २००५ साली ते सोलारिस १० या ऑपरेटिंग सिस्टीमबरोबर बाहेर आलं. त्याची मोठी खुबी अशी की पाहणी चालू नसेल तेव्हा तिचा भार शून्य. वहीवाला माणूस गरज लागेल तेव्हाच खिडकीशी येतो आणि काम झालं की नाहीसा होतो.

लिनक्समध्ये अशी सोय 'केप्रोब्ज' या नावाने २००४ साली मूळ गाभ्यात आली. त्या फाईलच्या माथ्यावर ती लिहिणाऱ्यांची नावं आहेत, व्हाउचरवरच्या सह्यांसारखी. वंशी कृष्णा, सुपर्णा भट्टाचार्य, प्रसन्ना पंचमुखी. ही आपल्याकडची नावं वाचून मला बरं वाटलं. पुढे २०१४ पासून 'ईबीपीएफ' नावाचं तंत्र लिनक्समध्ये रुजलं आणि त्यावर 'बीपीएफट्रेस' ही छोटी भाषा आली. पुतणी तीच वापरत होती.

मला या साऱ्यात भावली ती उदाहरणं. या हत्यारांबरोबर जाडजूड पोथी देऊन भागत नाही, हे त्यांच्या कर्त्यांना लवकर उमगलं. ब्रेंडन ग्रेग नावाच्या ऑस्ट्रेलियन अभियंत्याने डीट्रेसच्या छोट्या छोट्या तयार स्क्रिप्टांचा संच केला आणि प्रत्येकीबरोबर नमुन्याचा निकालही जोडला. बीपीएफट्रेसमध्येही एकेका ओळीच्या उदाहरणांचे बारा धडे आहेत. 'कुणी फाईल उघडली की उघडणाऱ्याचं नाव आणि फाईलचं नाव लिही' हा एक धडा. 'प्रत्येक प्रोग्रॅमने किती विनंत्या केल्या त्याच्या नावापुढे मोज' हा दुसरा. एवढंच. प्रत्येक ओळीचे भाग तीन. उभं कुठं राहायचं, कुणाकडे लक्ष द्यायचं आणि टिपून काय घ्यायचं. अकाउंटंट म्हणून मला हे समजायला पाच मिनिटं लागली नाहीत. व्हाउचर मोजताना आम्ही चार उभ्या रेघा ओढून पाचवी आडवी मारायचो, तीच ही पद्धत.

या उदाहरणांत उत्तर लिहिलेलं नसतं. प्रश्न कसा विचारावा याचा तो कित्ता असतो. कोण, केव्हा, किती वेळा, किती वेळ. 'कुणामुळे' हा प्रश्न त्यात नाही. तो या चारांची उत्तरं आल्यावर आपोआप सुटतो.

आणखी एक गोष्ट तिने दाखवली. पडद्यावर तारकांच्या आडव्या पट्ट्या उमटल्या होत्या. किती कामं झटक्यात झाली, किती मध्यम वेळात आणि किती रखडली, त्याचे ढीग. मी म्हटलं, "सरासरी काढली तर पुरे की." ती हसली. "काका, पंचगंगेची वर्षाची सरासरी पातळी काढा आणि मला त्यात पूर दाखवा." गप्प बसलो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. वर्षाच्या सरासरीत ते चार-सहा दिवस विरघळून जातात, पण ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याचं वर्ष त्या दिवसांचंच असतं. रांगेतल्या ज्या माणसाचा पडदा गोठतो, त्यालाही सरासरी सांगून उपयोग नाही.

मी आणखी एक शंका काढली. यंत्राच्या गाभ्यात परका माणूस वही घेऊन उभा करायचा, तर त्यानेच गोंधळ घातला तर? १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा प्रणालीच्या सदोष अपडेटने विंडोजवर चालणारी, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, ८५ लाख यंत्रं बसवली होती. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. पुतणी म्हणाली, म्हणूनच ईबीपीएफमध्ये आत जाणारी प्रत्येक ओळ आधी तपासली जाते. ती कधीतरी संपेल ना, नको तिथे हात घालणार नाही ना, याची खात्री पटल्याशिवाय तिला प्रवेश नाही. आमच्याकडे कारकून लिहायचा आणि ऑफिसर पास करायचा. एका सहीवर पैसे जात नसत. माझ्या अहवालावर मात्र सही एकच होती, माझी. आणि तो पास झाला.

मग तिने डीट्रेसच्या कर्त्यांनी २००४ सालच्या आपल्या निबंधात दिलेली हकिगत सांगितली. एका मोठ्या सर्व्हरवर सुमारे १७० जण काम करत होते आणि तो सदा मंद. मोठं काहीतरी बिघडलंय असं सगळ्यांना वाटत होतं. पायरी पायरीने माग काढत गेले, तेव्हा निघालं काय? पडद्याच्या कोपऱ्यात शेअरचे भाव दाखवणारा एक चिमुकला प्रोग्रॅम. मोजक्याच लोकांनी तो लावला होता. त्यांना बिचाऱ्यांना कल्पनाही नव्हती. भाव बघणाऱ्याला वाटतं आपण नुसतं बघतोय.

ही हकिगत ऐकून माझ्या हातातली चकली हातातच राहिली.

कारण आमच्या शाखेतही तसंच होतं. ते कारकून बदलून गेल्यानंतर काही महिन्यांनी मी पंधरा दिवस रजेवर होतो. परतल्यावर रोखपाल सहज म्हणाले, "साहेब, तुम्ही नव्हता तेवढे दिवस मशीन कसं झकास चाललं!" सगळे हसले, मीही हसलो. पण संध्याकाळी एकटा बसलो तेव्हा कोडं सुटलं. विभागीय कार्यालयाला रोज दुपारी ठेवींचा आकडा फोनवर कळवायचा असे. तो काढायला मी रोज बाराच्या सुमारास माझ्या टेबलावरून एक रिपोर्ट लावायचो. तो रिपोर्ट सगळी खाती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, आणि तेवढा वेळ बाकीचे सात पडदे त्याच्यामागे रांगेत उभे राहायचे. माझ्या रजेत तो आकडा हातानेच काढत होते. खोळंबा करणारा मी होतो. दुसऱ्या दिवसापासून मी रिपोर्ट संध्याकाळी लावू लागलो. पडदे गोठायचे थांबले. कारण मी कुणालाही सांगितलं नाही. अहवालाबद्दलही गप्प बसलो.

दिवाळी संपल्यावर मी त्या कारकुनांचा पत्ता शोधला. ते कोल्हापुरातच आहेत, ऐंशीच्या घरात. दारात मला पाहून त्यांनी आधी चष्मा पुसला. चहा आला. मी सगळं सांगितलं, रिपोर्टचं, रजेचं, अहवालातल्या त्या वाक्याचं. सांगताना आवाज नीट लागत नव्हता.

ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं, साहेब. माझं काउंटर तुमच्या टेबलासमोर होतं. तुम्ही कळ दाबली की माझा पडदा थांबायचा. पैसे भरायच्या स्लिपांच्या पाठीवर मी पंधरा दिवस वेळा टिपून ठेवल्या होत्या."

"मग बोलला का नाही?"

"बदलीचा कागद आधी आला. आणि मला कुणी विचारलंच नाही."

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी बशी पुढे सरकवली आणि चहा गार होतोय म्हणाले.