टाकी कोण भरणार?

'दहावीला नव्वद टक्के पाड, गाडी घेऊन देतो!' हे वाक्य तुमच्या घरात कुणी ना कुणी म्हटलेलं असणारच. आमच्याकडे मामा म्हणाला होता (आईचा भाऊ, सिग्नलवरचा नव्हे). मला मिळाले शहाऐंशी. तरीही अकरावीचा क्लास सुरू झाल्यावर दारात एक सेकंडहँड स्कूटर येऊन उभी राहिली. अडतीस हजारांची, राखाडी रंगाची, डाव्या बाजूला पोचा आलेली. आरसी आईच्या नावावर आणि चावी माझ्या खिशात. मी तेव्हा सोळा वर्षांची होते.

आता मी बावीसची आहे आणि माझा धाकटा भाऊ सतरा वर्षांचा, बारावीला. सध्या आमच्याकडे रात्रीच्या जेवणाला भाजीबरोबर हाच विषय असतो. त्याला बाइक हवी आहे. बाबा अर्धे तयार आहेत. आईचं म्हणणं, ताईला दिली तर त्याला का नको? आणि मी नको म्हणते म्हणून सध्या घरातली व्हिलन मीच. म्हटलं, जे घरात नीट सांगता येत नाही ते इथे लिहावं.

आधी एक गोष्ट. पुण्यात 'गाडी' म्हणजे दुचाकी. हॉलिवूडच्या सिनेमात सोळाव्या वाढदिवसाला रिबन लावलेली कार मिळते, आपल्याकडे स्कूटरच्या हँडलला झेंडूचा हार आणि चाकाखाली लिंबू. बाकी प्रश्न तोच. पैसे कुणी भरायचे? आपल्याला वाटतं हा शोरूममधल्या ऑन-रोड प्राइसचा प्रश्न आहे. तिथेच तर घोळ आहे.

कायदा थोडक्यात सांगते, कारण तो मलाही आत्ता आत्ता नीट कळलाय. गिअर नसलेली आणि 50 सीसीपर्यंतचीच दुचाकी असेल, तर पालकांच्या संमतीने सोळाव्या वर्षी लायसन्स मिळू शकतं. बाकी सगळ्याला अठरा पूर्ण हवीत. आता आजूबाजूला बघा, रस्त्यावरच्या नेहमीच्या स्कूटर 110 किंवा 125 सीसीच्या असतात. म्हणजे अकरावी-बारावीची जी पोरं क्लासबाहेर ओळीने गाड्या लावतात, त्यातली बहुतेक सगळी लायसन्सशिवाय आलेली. मीही त्यातलीच होते. ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या, 250 वॉटपर्यंतच्या ई-स्कूटरना लायसन्स लागत नाही, हे खरं आहे. पण दुकानदार 'लायसन्स लागत नाही' म्हणाला तर हे दोन्ही आकडे कागदावर बघून घ्या.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 199 अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर दोषी धरले जातात पालक किंवा गाडीचा मालक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्सच नाही. पंचवीस! म्हणजे कॉलेज संपलं, नोकरी लागली तरी तुम्ही मित्राच्या मागेच डबल सीट.

कल्याणीनगरची रात्र आठवत असेल. 19 मे 2024. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे कार, आणि दुचाकीवरचे चोवीस वर्षांचे दोन आयटी इंजिनिअर गेले. त्या कारची कायमची नोंदणी झालेली नव्हती, आणि त्यासाठीची राहिलेली फी होती 1,758 रुपये. मुलाला सुरुवातीला जामीन मिळाला त्यात तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती, ते तर देशभर गाजलं. त्याच्या वडिलांनाही अटक झाली. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर तेव्हा सगळे 'श्रीमंतांची पोरं' म्हणून चिडले होते. मीही चिडले होते. पण आतून एक गोष्ट टोचत होती.

कारण माझीही एक गोष्ट आहे, कल्याणीनगरच्या कितीतरी खालच्या पायरीवरची.

अकरावीत सकाळी साडेसहाचा क्लास असायचा. थंडीचे दिवस, अंधार, मी उशिरा निघालेली. शॉर्टकट म्हणून एका गल्लीत उलटी घुसले आणि वळणावर समोरून सायकल आली. एक काका. हँडलला डब्याची पिशवी. ते उजव्या हातावर पडले. मी थरथरत गाडी उचलत होते आणि ते बसल्या जागेवरूनच विचारत होते, 'पोरी, लागलं का तुला? लायसन आहे ना?' मी 'हो' म्हणाले.

बाबा आले, रिक्षाने त्यांना दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं, प्लेट टाकावी लागली. पोलिसांत कुणी गेलं नाही. विम्याचं तर नावच नाही, कारण माझ्याकडे लायसन्सच नव्हतं. 'मिटलं' असं घरात सांगण्यात आलं. मला दोन महिने गाडी बंद झाली, मी दोन महिने तोंड फुगवून बसने गेले. संपला विषय. निदान मला तसं वाटलं.

गेल्या वर्षी इन्कम टॅक्सचे कागद शोधताना बाबांची हिशेबाची वही हाताला लागली. त्या वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. 'हात, प्लेटसह – 41,000.' खाली, 'दीड महिन्याचा पगार – 18,000.' ते काका एका मेसमध्ये पोळ्या लाटायचे. हात मोडला म्हणजे काम बंद. एकूण एकोणसाठ हजार, स्कूटरच्या किमतीच्या दीडपट. आणि त्याच पानावर खाली, 'गच्ची वॉटरप्रूफिंग' या शब्दांवर काट मारलेली. आमच्या हॉलमध्ये दोन पावसाळे बादली ठेवलेली असायची. मी त्या बादलीवरून बाबांना किती बोलले होते, ते आठवून अजून कान गरम होतात.

आता तुम्हीच सांगा, माझ्या पहिल्या गाडीचे पैसे कुणी भरले?

म्हणून मला वाटतं, अठराच्या आधी 'कोण भरणार' हा प्रश्नच खोटा आहे. तुम्ही भरूच शकत नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करारच करू शकत नाही, म्हणजे कर्ज तुमच्या नावावर मिळत नाही. दंड, खटला, भरपाई सगळं आई-बाबांच्या नावावर. लायसन्स नसलेल्या मुलाने अपघात केला तर विमा कंपनीला समोरच्याला भरपाई द्यायला लावतात आणि मग कंपनी ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते, असा न्यायालयांचा शिरस्ता आहे. समोरच्याचं नुकसान लाखांत गेलं, तर आई-बाबांचा पीएफ, आजीची एफडी, घर, सगळंच त्या रांगेत उभं राहतं. हे गिफ्ट नाही हो, हे घरच्यांनी दुसऱ्याच्या भरवशावर खेळलेलं मटकं आहे.

अठरानंतर गोष्ट वेगळी. तिथे मात्र माझं माझ्या पिढीशी भांडण आहे.

आपल्यातले बरेच जण गाडीची किंमत मोजतात, ती चालवण्याची मोजत नाहीत. माझाच हिशेब देते. रोज साधारण वीस किलोमीटर, महिन्याला सहाशे. गाडी लिटरला पंचेचाळीस देते आणि पुण्यात पेट्रोल शंभरीच्या पुढे, म्हणजे चौदाशे रुपये नुसते टाकीत. तीन-चार महिन्यांनी सर्व्हिसिंग, मधेच बॅटरी, ब्रेक, पंक्चर. पीयूसी. थर्ड पार्टी विमा 75 ते 150 सीसीसाठी वर्षाला 714 रुपये अधिक जीएसटी, हा तर सगळ्यात स्वस्त आयटम, आणि लोक नेमका तोच भरायचा विसरतात. एकूण महिना दोन हजार धरा. माझा इंटर्नशिपचा स्टायपेंड सहा हजार. एक तृतीयांश चाकांवर गेला. नवी गाडी कर्जावर घेतलीत तर 80 हजारांवर 11 टक्क्यांनी तीन वर्षांचा हप्ता 2,600 च्या थोडा वर बसतो. वर चौदा हजार व्याज, आणि हप्ते फिटेपर्यंत आरसीवर बँकेचं नाव. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, शोरूममध्ये गर्दी वाढली, भाऊ मला रोज त्याच्या रील्स पाठवतो. रील्समध्ये पेट्रोलचा विषय नसतो.

बरं, 'गाडी कशाला, बसने जा' असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. ज्यांनी संध्याकाळी सातला स्वारगेटला पीएमटीची वाट बघितली आहे (पीएमपीएमएल म्हणा हवं तर, आमची आजी अजून पीएमटीच म्हणते), त्यांना गाडी ही चैन वाटत नाही. माझी एक वर्गमैत्रीण बारामती तालुक्यातल्या एका वाडीची. कॉलेज चौदा किलोमीटर, एसटी चुकली की दिवस गेला. तिच्या वडिलांनी दुधाच्या पगारातून, दर दहा दिवसांनी थोडे बाजूला टाकून, तिला स्कूटर घेतली. तिच्यासाठी ती गाडी म्हणजे पदवी होती. आता ती नोकरी करते आणि घरच्या गोठ्यातल्या मिल्किंग मशिनचा हप्ता भरते. वडिलांनी मागितला नव्हता.

आणि एक गोष्ट पोरी लगेच ओळखतील. मुलाला गाडी हट्टाने मिळते, मुलीला 'गरज आहे का?' या परीक्षेनंतर. मिळाली तरी सोबत अटींचं पॅकेज. लाइव्ह लोकेशन चालू ठेव, सातच्या आत घरी ये, त्या मैत्रिणीला मागे बसवू नको. एका मैत्रिणीच्या घरी भांडण झालं की पहिल्यांदा चावी जप्त होते. पैसे भरणाऱ्याचा शब्द चालतो, हे साधं गणित आहे. म्हणून तिने यंदा पेट्रोल आणि विमा स्वतः भरायला सुरुवात केली. चावी अजून जप्त होते, पण आता बाबांना आधी दोन मिनिटं विचार करावा लागतो, असं ती सांगते. प्रगती आहे!

चारचाकीवालाही एक आहे आमच्यात. एकविसाव्या वर्षी पहिल्या नोकरीच्या बचतीतून जुनी छोटी कार घेतली. पठ्ठ्याने पैसे सगळे स्वतःचे घातले आणि आरसी नावावर करून घ्यायची राहिली. आठ महिने! फॉर्म 29 आणि 30 भरायचे एवढंच काम असतं. नोंदीत नाव बदलेपर्यंत कायदा जुन्या मालकालाच मालक धरतो. याच्या चलानाचे मेसेज त्या बिचाऱ्या जुन्या मालकाच्या मोबाइलवर जात होते. शेवटी तो माणूस फोनवर इतका बोलला, की आमचा मित्र दुसऱ्याच दिवशी आरटीओत हजर. तेव्हा जुनी गाडी घेत असाल तर पैसे देण्याआधी नंबर टाकून आधीची चलानं तपासा, आणि नाव बदलायचं काम त्याच आठवड्यात लावा.

माझं मत विचाराल तर, गाडीची किंमत आई-बाबांनी भरली तर त्यात लाज काही नाही. जमत असेल तर घ्यावी त्यांची मदत, आपल्या वयात कुणाकडे लाख रुपये असतात? पण पेट्रोल आपलं. आणि चलान तर शंभर टक्के आपलं. 'बाबा, मामाने पकडलंय, जीपे करा ना' हा फोन एकदा बंद झाला, की सिग्नलला पाय आपोआप खाली टेकतो. माझा टेकायला लागला. हेल्मेटचंही तसंच. हेल्मेटसक्तीला विरोध करण्यात आपल्या शहराचा हात कुणी धरणार नाही, पण स्वतःच्या स्टायपेंडमधून घेतलेलं हेल्मेट आरशाला लटकवून फिरायला जीव होत नाही.

भावाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. परवा जेवताना बाबांनी काही न बोलता ती वही त्याच्यासमोर सरकवली. त्याने वाचली. 'हे एकोणसाठ हजार कसले?' त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं, आमटी गार होईपर्यंत. बाइकचा विषय मार्चपर्यंत पुढे गेलाय. मार्चमध्ये तो अठराचा होईल, मग आधी लर्निंग लायसन्स, मग तीस दिवसांनी पक्कं, मग बघू. पेट्रोल निम्मं-निम्मं करू का, असा त्याचा सौदा चालू आहे. बाबा अजून 'नाही'वर आहेत.

पण त्या रात्री त्याने अजून एक विचारलं. 'त्या काकांचा हात बरा झाला का?'

मला माहीत नव्हतं. पाच-सहा वर्षं मी त्या मेसवरून जायचं टाळते, लांबच्या रस्त्याने जाते. गेल्या रविवारी गेले. मेस चालू आहे. काका आता गल्ल्यावर बसतात, पोळ्या दुसऱ्या मावशी लाटतात. थंडीत मनगट धरतं, म्हणाले. त्यांनी मला ओळखलं नाही, सांगावं लागलं. मग चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'मग, काढलंस का लायसन?'

मी पर्समधून काढून दाखवलं.