मांजराचा रक्तगट

सातिवलीला कारखान्यांच्या गाळ्यांतून उंदरांच्या मागे हिंडणारी मांजरे तुम्ही पाहिली असतील. समजा, त्यांतले एक ट्रकखाली सापडले आणि त्याचे पुष्कळ रक्त गेले. शेजारच्या धट्ट्याकट्ट्या बोक्याचे रक्त त्याला देता येईल काय?

चार किलो वजनाच्या मांजराच्या अंगात रक्त असते जेमतेम पाव लिटर. बोका एका वेळी त्यातले सुमारे ५० मिलिलिटर देऊ शकतो. पण आधी दोघांचे रक्तगट पाहायला हवेत. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट आहेत. (नावे आपल्यासारखी असली तरी हे गट माणसाचे नव्हेत बरे!) बहुतेक मांजरे ए गटाची असतात. बी गट थोड्यांचा. पण खरा धोका त्यांनाच. त्यांच्या रक्तात ए गटाच्या तांबड्या पेशींचा नाश करणारी प्रतिद्रव्ये आधीपासूनच तयार असतात. योग्य गटाच्या पेशी महिनाभर तरी टिकतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त दिले, तर निम्म्या पेशी तास-दोन तासांत फुटतात, आणि मांजर दगावू शकते. कुत्र्याचे तसे नाही. त्याला पहिल्यांदा रक्त देताना सहसा मोठा अपाय होत नाही. मांजरांत मात्र सर्वांना चालेल असा दाता नाहीच.

मग गट जुळला की झाले? नाही. याचा धडा माणसांच्या बाबतीत मुंबईतच मिळाला. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे रक्त आढळले, की जे नेहमीच्या तपासणीत ओ गटाचे वाटे. पण ओ गटाचे रक्तही त्याला चालेना! ओ गटाच्या पेशींवर असणारा ‘एच’ हा घटकच या लोकांत नव्हता. उलट त्याच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये होती. हाच तो जगप्रसिद्ध ‘बॉम्बे’ रक्तगट.

मांजरांतही २००७ मध्ये ‘मिक’ नावाचा असाच एक घटक सापडला. तो नसलेल्या काही मांजरांना स्वतःच्याच गटाचे रक्त बाधू शकते. म्हणून पशुवैद्य बोक्याच्या तांबड्या पेशी आणि जखमी मांजराच्या रक्तातील पातळ द्रव एकत्र करून पाहतात. पेशींच्या गुठळ्या झाल्या किंवा त्या फुटल्या, तर तो बोका कितीही धष्टपुष्ट असो, दुसरा शोधावा लागतो.